शुक्रवारच्या वह्या

निबंध लिहिणं आणि निबंध लिहून घेणं यांत फरक आहे. पहिलं काम लेखक करतात आणि त्यांचे फोटो छापून येतात. दुसरं काम आम्ही मास्तरणी करतो आणि आमच्या चष्म्याचा नंबर वाढतो. मी महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर हे दुसरं काम केलं. विषय मराठी, इयत्ता सहावी-सातवी, आणि वर्गात सगळे मुलगे. आमच्या इमारतीत सकाळी मुलींची शाळा भरायची आणि दुपारी मुलांची. मुलींच्या शाळेतल्या बाई जाताना फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार ठेवून जायच्या. आमची मुलं आली की पहिल्या पाच मिनिटांत त्या सुविचाराला मिशा फुटायच्या.

शाळा भोसरीच्या पलीकडे, चाकणला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. मागच्या भिंतीला लागूनच शेडची रांग सुरू व्हायची. लेथ, वेल्डिंग, प्रेस, पावडर कोटिंग. खिडक्या लावल्या तरी प्रेसचा ठोका वर्गात यायचाच. नव्या शिक्षकाचं पहिला आठवडा डोकं दुखायचं. पुढे सवय व्हायची, ती इतकी की ठोका थांबला तरच लक्ष जायचं आणि लाइट गेली हे कळायचं. वर्गातली काही मुलं मूळ गावातली, ज्यांच्या शेतांवर आता गोडाऊनं उभी आहेत. बाकीची बाहेरून कामाला आलेल्यांची. लातूर, बीड, जळगाव, कुठून कुठून. दोघांची भांडणं मधल्या सुट्टीत सुरू व्हायची आणि पाचव्या तासाला मिटायची, कारण पाचवा तास गणिताचा होता आणि तिथे सगळे सारखेच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, निबंध तपासायचा म्हणजे तो वाचायचा. तसं नसतं. पन्नासएक वह्यांचा गठ्ठा समोर असतो आणि हातात लाल पेन असतं. डोळे ऱ्हस्व-दीर्घावरून चालतात, परिच्छेद पाडलाय की नाही बघतात आणि शेवटी सही करतात. वाचणं त्यात बसत नाही. वाचण्यासारखं काही असतं असंही नाही. बाजारात निबंधांचं पुस्तक मिळतं. मुलं ते पाठ करतात आणि आम्हीही ते टेबलाच्या खणात ठेवतो, हे कबूल केलेलं बरं. त्या पुस्तकातली आई पहाटे उठते, अंगणात सडा घालते, रांगोळी काढते आणि तुळशीला पाणी घालते. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी. अंगण सोडाच, चपला काढायलाही जागा नाही. पण मी वीस वर्षं त्या सड्याला दहापैकी सात मार्क देत आले.

एकदा मात्र एका मुलाला सहज विचारलं, "तुझी आई खरंच पहाटे उठते का रे?"

"नाही बाई, पहाटे झोपती. नाइट शिफ्टला असती ना."

"मग इथे उठते असं का लिहिलंस?"

तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "बाई, निबंधात आई उठतीच."

हे उत्तर मला लागलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना काय शिकवलं, ते त्या पोरानं तीन शब्दांत सांगितलं होतं.

मग मी ठरवलं, आठवड्यातून एक तास विषय त्यांचा. मोठ्या उत्साहानं वर्गात गेले आणि म्हणाले, "आज मी विषय देणार नाही. ज्याला जे हवं त्यानं त्यावर लिहा."  मग प्रश्न सुरू झाले. किती ओळी? मुद्दे द्या ना. परीक्षेला येणार का? हुशारातला हुशार मुलगा उठून म्हणाला, "बाई, निदान दोन-तीन विषय द्या, त्यातला एक आम्ही निवडतो." तासाच्या शेवटी वह्या गोळा केल्या. निम्म्याहून अधिक वर्गानं 'माझी आई' लिहिला होता, सड्यासकट. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! पण घडा पालथा घातला होता आम्हीच. विषय वरून येतो, उत्तर पुस्तकातून येतं आणि चूक लाल रंगाची असते, हे ती सहा वर्षं शिकली होती. एका दुपारी मी म्हणाले म्हणून ती कशी विश्वास ठेवतील?

म्हणून मी हळूहळू काही रिवाज पाडले. पहिला वाराचा. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. शाळेची रविवारी. त्यामुळे बाप घरी असतो तेव्हा पोरगं शाळेत, आणि पोरगं घरी असतं तेव्हा बाप कामावर. गुरुवारी आमच्या वर्गात हजेरी नेहमी कमी लागायची. कुणाला बापाबरोबर गाडी दुरुस्तीला जायचं असायचं, कुणाला नुसतंच त्याच्या शेजारी लोळायचं असायचं. आम्ही ओरडायचो, दाखले मागायचो. मी म्हटलं, ओरडण्यापेक्षा याचा उपयोग करावा. शुक्रवारी ही पोरं ताजी असतात, पोटात काहीतरी घेऊन आलेली असतात. म्हणून तो तास शुक्रवारचा झाला.

दुसरा रिवाज फळ्याचा. लिहायला बसण्याआधी प्रत्येकानं उठायचं आणि आपला विषय आपल्या हातानं फळ्यावर लिहायचा. दुसऱ्यानं लिहिलेला विषय घ्यायचा नाही. त्यामुळे 'माझी आई' एकाच मुलाला मिळायची आणि तीही जो आधी पळत जाईल त्याला. बाकीच्यांना दुसरं काहीतरी शोधावंच लागायचं. ज्याला अगदीच सुचणार नाही त्यानं 'आज सुचत नाही' असं लिहायचं, त्याला माफी होती. लाल पेन शुक्रवारी बंद. मी फक्त शेवटी पेन्सिलीनं एक प्रश्न लिहायचे, मला खरंच पडलेला. त्याचं उत्तर द्यायचं की नाही, ती त्यांची मर्जी. आणि शेवटचं म्हणजे, या वह्या माझ्याशिवाय कुणी बघणार नाही. मुख्याध्यापक नाही, घरचे नाही, शेजारच्या बाकावरचा नाही. तसा मी शब्द दिला होता.

लगेच काही चमत्कार झाला नाही. दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग दुचाकींवरच लिहीत होता, आणि तेही मायलेज किती देते एवढंच. पण हळूहळू फळा वाचण्यासारखा व्हायला लागला. 'आमच्या चाळीत पाण्याचा नंबर कसा चुकवतात.' 'फोर्कलिफ्टला मागची चाकं वळतात.' 'मी कुणाला मारलं आणि का.' 'आत्याचं लग्न मोडलं ते बरं झालं.' एका शुक्रवारी केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. त्यांनी चार वह्या उलटून विचारलं, "बाई, यात लाल शाई कुठंय?" मी म्हणाले, "सर, शुक्रवारी तिचा उपास असतो." त्यांनी हसून घेतलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'वह्या तपासलेल्या नाहीत.' दोघांचंही बरोबर होतं.

वह्या कुणाला दाखवत नाही, ही गोष्ट किती गंभीर आहे हे मला एका आजोबांनी शिकवलं. गावातलं जुनं घर, बैलगाडा शर्यतीचा बैल दारात. नातवानं एका शुक्रवारी 'आमच्या बैलाचा खुराक' असा विषय फळ्यावर लिहिला. सोमवारी आजोबा शाळेत हजर. डोक्याला फेटा, हातात काठी. मुख्याध्यापकांना वळसा घालून थेट माझ्या टेबलाशी आले.

"बाई, आमच्या पोरानं बैलाला काय चारतो त्ये लिवलंय म्हणं?"

"लिहिलंय."

"समदं?"

"दूध, अंडी, उडदाची डाळ, आणि…"

"थांबा, थांबा!" त्यांनी दाराकडे पाहिलं. "मोठ्यानं न्हाई. पलीकडच्या आळीतल्यांचा नातू हाय तुमच्या वर्गात. त्यांचा बैल यंदा आमच्या मागं ऱ्हायलाय, तो ह्या खुराकापायी. ही वही कुनाला दावली का तुमी?"

"नाही दाखवली आणि दाखवणारही नाही."

"शबूद?"

"शब्द."

मग ते खुर्चीवर टेकले आणि पाणी प्यायले. जाताना म्हणाले, "पोरगं लिवतंय ते ब्येस हाय. फकस्त बैल सोडून लिव म्हनावं." मी नातवाला काही सांगितलं नाही. त्यानं पुढच्या शुक्रवारी आजोबांवरच लिहिलं. ते काय होतं, हे आजही सांगणार नाही.

आता प्रज्वलबद्दल. सहावीतला, लातूरकडचा, बारीक चणीचा मुलगा. अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर आणि लिहायचा मात्र एकच ओळ. दर शुक्रवारी शांतपणे उठून फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात 'आज सुचत नाही' लिहायचा, वहीतही तेच लिहायचा आणि उरलेला तास खिडकीतून बाहेर बघत बसायचा. असं त्यानं अडीच-तीन महिने केलं. माझ्या रिवाजातली माफी त्यानं पुरेपूर वापरली. मीही हट्टाला पेटले होते, त्याला काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त खाली पेन्सिलीनं दर वेळी नवा प्रश्न लिहायचे. 'खिडकीतून काय दिसतं?' उत्तर नाही. 'अक्षर कुणी शिकवलं?' उत्तर नाही.

आणि एका शुक्रवारी तो पहिल्यांदा फळ्याच्या मधोमध गेला आणि त्यानं लिहिलं, 'पप्पांची युक्ती.' तासभर त्याची मान वर झाली नाही. दीड पान लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा होता:

"माझे पप्पा प्रेसवर आहेत. मी रविवारी त्यांना डबा द्यायला जातो. प्रेसला दोन हिरवी बटणं असतात. दोन हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली की वरचा भाग खाली येतो आणि पत्र्याचा ब्रॅकेट बनतो. एकच बटण दाबलं तर येत नाही. पण पप्पांनी युक्ती केली आहे. त्यांनी डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी घालून ते दाबून ठेवलं आहे. वरून काळी टेप. मग डावा हात रिकामा होतो. डाव्या हातानं पत्रा ठेवायचा, उजव्या हातानं बटण दाबायचं. बाकीच्यांचा एक होईपर्यंत पप्पांचे दोन होतात. सुपरवायझर आले की पप्पा टेप काढतात. माझ्या पप्पांचा हात एवढा फास्ट आहे की प्रेसला कळतच नाही."

मी शनिवारी ते वाचलं आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. एकही वाक्य पुस्तकातलं नव्हतं. कुठेही 'अशा प्रकारे' नव्हतं. शेवटचं वाक्य तर मी चार वेळा वाचलं. खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'पप्पांना ही युक्ती कशी सुचली?' आणि वही पिशवीत ठेवली. माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक कोणती असं कुणी विचारलं तर मी ही सांगेन. भाषेच्या शिक्षिकेनंच करावी अशी चूक होती ती. मी वाक्यं वाचली. ती काय सांगतायत, ते वाचलंच नाही.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी मी आमच्या ह्यांना ते सांगितलं, मुलाचं नाव न घेता. हे आकुर्डीला कंपनीत टूलरूममध्ये होते, नुकतेच निवृत्त झाले होते. शेवटचं वाक्य मी अगदी रंगवून म्हणून दाखवलं. ह्यांनी कप खाली ठेवला.

"यात कौतुक कसलं करतेस?"

"अहो, सहावीतलं पोर…"

"पोराचं राहू दे. ती दोन बटणं कशाला असतात, माहितीये? दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. हात बटणावर असले की डायमध्ये, त्या खालच्या साच्यात, जाऊच शकत नाहीत. या गृहस्थानं डावा हात आत मोकळा सोडलाय. हजार वेळा काही होणार नाही. एक दिवस उजवा हात जरासा लवकर दाबेल आणि डावा आतच असेल. मग त्या हाताला बोटं राहायची नाहीत." मग कप परत उचलत म्हणाले, "हे सगळेच फास्ट असतात ग. ज्यांची गेली, तेही फास्टच होते."

 आदल्या दिवशी मी जिचं कौतुक केलं होतं ती ही युक्ती. ह्यांनी विचारलं, "कुणाचा मुलगा?"

"नाही सांगता येणार. शब्द दिलाय."

"मग पाळ शब्द. बोटं त्याची जातील, तुझा शब्द शाबूत राहील."

आमचे हे बोलायला असे आहेत. पण खरं तेच होतं. मी म्हणाले, त्याच्या मालकाला कळवावं का? हे म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टवरचा असणार. आधी माणूस काढतील, बटण मग सावकाश बघतील." म्हणजे तोही रस्ता बंद. मी वही काढली, आदला प्रश्न खोडरबरानं पुसला आणि त्या जागी लिहिलं, 'प्रेस खाली येते तेव्हा डावा हात कुठे असतो?' सोमवारी वही परत दिली. प्रज्वलनं प्रश्न वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि वही दप्तरात घातली.

मंगळवारी मी त्याला व्हरांड्यात थांबवलं. "प्रज्वल, तू लिहिलंस ते फार छान आहे. पण पप्पांशी यावर बोलशील का?"

"कशावर बाई?"

"त्या पुठ्ठ्यावर. त्यात धोका आहे रे."

त्याचा चेहरा उतरला. "बाई, तुम्ही म्हणला होता कुणाला सांगणार नाही."

"मी नाही सांगितलं. तूच सांग."

"मी सांगितलं तर पप्पा म्हणतील, डबा द्यायला येतोस का बघायला येतोस. मग येऊच देणार नाहीत." आणि मग अगदी हळू, "तुम्ही नका सांगू, बाई. प्लीज."

"नाही सांगत," मी म्हणाले. हे मी मंगळवारी म्हणाले. बुधवारी शाळा सुटेपर्यंत मला वर्गात प्रेसचा ठोका ऐकू येत होता, जो एरवी येत नसे. दर ठोक्याला वाटायचं, हा त्यांचाच असेल. गुरुवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले.

शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ मोकळी होती. प्रज्वल त्या वेळी क्लासला असतो हे मला माहीत होतं आणि मुद्दाम तीच वेळ साधली होती. खोली एकच, मध्ये पडदा लावून दोन केलेली. बायको कामावर गेली होती. प्रज्वलच्या वडिलांनी मला खुर्ची दिली, स्वतः चहा केला आणि जमिनीवर बसले. मी चहा घेताना त्यांचे हात बघत होते. धडधाकट, काळवंडलेले, दहाही बोटं शाबूत. मी सरळ विषय काढला. म्हणाले, माझे मिस्टर कंपनीत होते, त्यांच्या कानावर आलं की तुमच्या प्रेसवर असं असं करतात.

"कोण म्हणलं असं?" त्यांनी विचारलं.

"कुणीतरी म्हणालं."

"पोरगं काही बोललं का?"

"छे! त्याचा काय संबंध?"

मी आयुष्यात मुलांची शेकडो खोटी कारणं पकडली आहेत. इतकं वाईट खोटं त्यांतल्या एकानंही मला सांगितलेलं नव्हतं. वडिलांनी आपला कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बाई, मी काय हौसेनं करायलोय का? टार्गेट झालं नाही की दुसऱ्या दिवशी गेटवरनंच परत पाठवतात. पण तुम्ही घरापर्यंत आलात. काढतो उद्यापासून."

मी उठले. चपला घालताना मान खाली गेली तेव्हा पडद्याखाली दोन पाय दिसले. लहान, अनवाणी. त्या दिवशी क्लासला सुट्टी होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मुलं एकामागून एक फळ्याकडे जात होती. प्रज्वल त्याची पाळी आल्यावर उठला आणि त्यानं खालच्या कोपऱ्यात आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'आज सुचत नाही.' पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. वार्षिक परीक्षेपर्यंत त्यानं दुसरं काही लिहिलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण त्याहून एका गोष्टीची लाज वाटली. त्यानं वर्गात कुणालाही सांगितलं नाही. एका शब्दानं जरी तो म्हणाला असता की बाई वह्यांतलं घरी जाऊन सांगतात, तर माझा शुक्रवार त्याच दिवशी संपला असता. बाकीची मुलं बिनधास्त लिहीत राहिली, कारण प्रज्वलनं माझं गुपित पाळलं. मला त्याचं पाळता आलं नव्हतं. शेवटच्या दिवशी मी त्याला म्हणाले, "प्रज्वल, माझं चुकलं." तो म्हणाला, "हो बाई," आणि प्रगतिपुस्तक घेऊन गेला.

शुक्रवारचा तास मी निवृत्त होईपर्यंत चालू ठेवला. फक्त नवीन वर्गाला शब्द देताना वाक्य बदललं. म्हणायचे, "कुणाच्या जिवावर बेतणार नसेल तर कुणालाही सांगणार नाही." मुलांना त्यात काही खटकायचं नाही. ती तशीच लिहीत राहायची.

मागच्या वर्षी निगडीच्या बसस्टँडवर एक गृहस्थ समोर आले. "बाई, ओळखलं का?" मी चेहऱ्याआधी हात पाहिले. दहा बोटं. मग चेहरा आठवला. प्रज्वलचे वडील. आता ते प्रेसवर नाहीत, दुसऱ्या कंपनीत स्टोअरला आहेत. प्रज्वल अकरावीला.

मी म्हणाले, "बरं झालं, तुम्ही तेव्हा ऐकलंत."

ते ओशाळून हसले. "खोटं कशाला बोलू बाई, ऐकलं नव्हतं. तुम्ही आल्यावर काढला पुठ्ठा, आठ दिवसांनी परत घातला. काम व्हायचं नाही हो. पण ते पोरगं! रविवारी डबा घेऊन यायचं आणि जायचंच नाही. शटरपाशी उभं राहायचं. म्हणलं, काय बघायलास, जा घरी. तर जागचं हलायचं नाही. माझ्या डाव्या हाताकडं टक लावून बघायचं. एक रविवार, दोन रविवार. तिसऱ्या रविवारी मला त्याच्यासमोर हात आत घालवेना. घाम फुटला. काढला पुठ्ठा आणि फेकून दिला. तेव्हापासून दोन हातांनीच."

  मी त्यांच्या घरी जाऊन काहीही साधलं नव्हतं. जे झालं ते पोरानं केलं, स्वतःहून, न बोलता. कदाचित मी गेले नसते तरी त्यानं तेच केलं असतं. कदाचित मी गेले म्हणूनच त्याला उभं राहावं लागलं. यातलं खरं कोणतं, हे मला ठरवता येत नाही आणि त्याला विचारण्याचा हक्क मी गमावलेला आहे.

"लिहितो का आता काही?" मी विचारलं.

"कुठलं बाई. पण एक विचारू का? मागं एकदा त्यानं मला सांगितलं, की तेव्हा त्यानं वहीत माझ्यावर काहीतरी लिहिलं होतं. त्यावरनंच तुम्हाला कळलं. काय लिहिलं होतं हो?"

"ते मी सांगू शकत नाही," मी म्हणाले. या वेळी मात्र मी पक्की होते. "वही त्याची. त्यालाच विचारा."

"विचारलं ना. दोन-तीनदा विचारलं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणतो, बाई भेटल्या तर त्यांना विचारा. त्यांनी सांगितलं तर चालंल."

माझी बस लागली होती. कंडक्टर दार धरून माझ्याकडे बघत होता. मी त्याला जा म्हणून हात केला. मग त्या स्टॉपवर, माणसांच्या येण्याजाण्यात, मी प्रज्वलच्या वडिलांना ते दीड पान पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवलं. सबंध पाठ होतं. ते मान खाली घालून ऐकत होते. माझ्या पप्पांचा हात एवढा फास्ट आहे की प्रेसला कळतच नाही, इथपर्यंत मी आले, तेव्हा त्यांनी डावा हात हळूच पँटच्या खिशात घातला.